देवमाशांचे आवाज पाण्याखाली ऐकून अभ्यास करायचाय? मग हा क्रम सोडू नका

माझ्याकडे अधूनमधून लोक रेकॉर्डिंग पाठवतात, यात व्हेल आहे का जरा ऐकून सांगा म्हणून. आणि बऱ्याचदा मला हेच सांगावं लागतं की असेलही, पण या फाइलवरून ते कळणार नाही. कुणाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) चुकलेला असतो, कुणी गेन (आत येणारा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) फुल ठेवल्यामुळे आवाज फाटलेला असतो, कुणी वेळ कुठल्या टाइमझोनची ते लिहिलेलंच नसतं, आणि कुणी तर जागा वाचवायला मूळ फाइल उडवून एमपीथ्री करून ठेवलेली असते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या फाइलमागे कुणाचे तरी दिवसच्या दिवस समुद्रावर गेलेले असतात. चुका बहुतेक त्याच त्याच असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, पाण्यात जायच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलंय.

१. प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा

"व्हेलचे आवाज रेकॉर्ड करायचेत" हा प्रश्न नाही. "या भागात वर्षाच्या कुठल्या महिन्यांत हंपबॅक गातात" हा प्रश्न झाला. "रात्री स्पर्म व्हेल जास्त क्लिक करतात का" हाही चालेल. "इथे एकूण किती व्हेल आहेत" हा मात्र सुरुवातीला घेऊच नका, कारण एकच नर हंपबॅक तासन्‌तास गात बसतो आणि त्याच वेळी आजूबाजूच्या माद्या गात नसतात, मग तुम्ही आवाज मोजून प्राणी कसे मोजणार?

कोण कधी गप्प असतं ते आधी माहीत पाहिजे. हंपबॅकचं गाणं फक्त नर गातात. फिन व्हेलची २० हर्ट्झची लांबलचक मालिकाही नरांचीच. स्पर्म व्हेल खोल बुडी मारून शिकार करताना सतत क्लिक करतो, पण वर येऊन विश्रांती घेत असेल तर बराच वेळ काही आवाज नाही. चोचवाले व्हेल, म्हणजे बीक्ड व्हेल, पृष्ठभागाजवळ गप्पच असतात, खोल गेल्यावर क्लिक सुरू करतात.

तपासणी: तुमच्या वाक्यात प्रजाती, जागा आणि कालावधी हे तिन्ही आहेत का? एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका.

२. प्रजातीवरून फ्रिक्वेन्सी, फ्रिक्वेन्सीवरून सॅम्पल रेट

लोक इथे उलटं करतात. आधी हायड्रोफोन घेतात आणि मग बघतात की त्यात काय ऐकू येतंय. ढोबळ आकडे असे धरा:

- ब्लू व्हेल: गाण्याचा मुख्य भाग बहुतेक १० ते ४० हर्ट्झमध्ये, एकेक सूर १० सेकंदांहून जास्त चालू शकतो
- फिन व्हेल: २० हर्ट्झच्या आसपास, साधारण १ सेकंदाचा, वरून खाली घसरणारा ठोका
- राइट व्हेल: साधारण ५० पासून २०० हर्ट्झपर्यंत वर चढणारी हाक
- हंपबॅक: गाणं मुख्यतः काही दहा हर्ट्झपासून ४ किलोहर्ट्झपर्यंत, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटींतले सूर) आणखी पुढे जातात
- स्पर्म व्हेल: क्लिकची बरीच ताकद १० ते १५ किलोहर्ट्झच्या आसपास
- क्युव्हिएचा बीक्ड व्हेल: ४० किलोहर्ट्झच्या आसपास
- हार्बर पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी): १३० किलोहर्ट्झच्या आसपास

सॅम्पल रेट जितका, त्याच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज फाइलमध्ये येतो. म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर २४ किलोहर्ट्झपर्यंतच. स्पर्म आणि हंपबॅकला हे पुरतं, बीक्ड व्हेल असेल तर काहीच मिळणार नाही, पॉर्पॉइजचा तर प्रश्नच नाही. मग सगळ्यांनी सगळ्यात वरचा रेट का नाही ठेवायचा, असं वाटेल, तर जागा आणि बॅटरी. ९६ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनेल असं सलग चालवलं तर दिवसाला साधारण १६.६ जीबी होतात, महिन्याला ५०० च्या आसपास, आणि कार्ड तिसऱ्या आठवड्यात भरलं तर उरलेले दिवस यंत्र पाण्यात नुसतं लटकलेलं.

दुसरं टोक लोक हमखास विसरतात, ते म्हणजे खालचं. हातात धरायच्या बऱ्याच रेकॉर्डरमध्ये वाऱ्याचा आवाज कापायला लो-कट फिल्टर असतो. तो चालू राहिला तर ब्लू आणि फिन दोन्ही तिथेच कापले जातात. शिवाय हायड्रोफोन स्वतः किती खालपर्यंत ऐकतो तेही त्याच्या कागदावर बघा, "२० हर्ट्झपासून पुढे" लिहिलेला हायड्रोफोन फिन व्हेलसाठी घेऊ नये, अगदी काठावर बसल्यासारखं होतं.

सावधान: सामान घ्यायच्या आधी दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर कान तयार करा. कॅलिफोर्नियाच्या माँटेरी बेमध्ये एमबारी या संस्थेचा ९०० मीटर खोलीवरचा हायड्रोफोन २०१५ पासून चालू आहे आणि त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांना खुलं आहे. अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेचा वॉटकिन्स संग्रह आहे, त्यात प्रजातीवार आवाज ऐकता येतात. ऑर्कासाउंड या संकेतस्थळावर हायड्रोफोन थेट ऐकता येतात. एक महिना रोज अर्धा तास ऐका. पहिला आठवडा कंटाळवाणा जाईल, नंतर कान आपोआप वेगळं काढायला लागतो.

३. कोरड्यात चाचणी

ही पायरी गाळणारेच जास्त. यंत्र घरी पूर्ण लावा आणि ज्या सेटिंगवर समुद्रात चालवायचंय त्याच सेटिंगवर, त्याच बॅटरीवर, किमान २४ तास चालू ठेवा. मग फायली उघडून बघा, सगळ्या आहेत का, मध्ये खंड पडलाय का. डब्ल्यूएव्ही फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, ९६ किलोहर्ट्झवर ती मर्यादा सहा तासांत येते, म्हणून फाइल अर्ध्या तासाला तुटेल असं सेट करा, म्हणजे एखादी खराब झाली तरी अर्धाच तास जाईल. थंड पाण्यात बॅटरी कमी चालते, तेव्हा हिशेब घट्ट ठेवू नका.

घड्याळ यूटीसीला, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेला लावा, जीपीएसवरून. स्थानिक वेळ नको, कितीही सोयीची वाटली तरी. आणि सुरू करताना हायड्रोफोनजवळ तीन टाळ्या वाजवून त्या क्षणाची वेळ लिहून ठेवा, बाहेर काढल्यावर पुन्हा तीन टाळ्या. फाइलमधली टाळ्यांची वेळ आणि तुम्ही लिहिलेली वेळ यांतला फरक म्हणजे तुमच्या घड्याळाची चूक. एका हायड्रोफोनवर काम असेल तर सेकंद-दोन सेकंदांनी फार बिघडत नाही. पण तीन-चार लांबलांब ठेवून आवाज कुठून आला ते काढायचं असेल तर घड्याळ हेच सगळं काही. दहा लाखांत दहा भागांची चूक म्हणजे दिवसाला ०.८६ सेकंद, आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे एका दिवसात तुमचा व्हेल नकाशावर १३०० मीटरच्या आसपास सरकला.

ओ-रिंगबद्दल, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्याबद्दल, जरा थांबून लिहितो. झाकण बंद करायच्या आधी ओ-रिंग काढा, बोटाच्या टोकाने पूर्ण गोल फिरवून बघा. केस, वाळूचा कण, टॉवेलचा धागा, यातलं एक जरी लागलं तरी खोलीवर पाणी आत येणारच. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, चमक दिसेल इतकाच, थापायचं नाही. खोबणीही पुसायची. बंद केल्यावर टॉर्च मारून बघायचं की रिंग सगळीकडे सारखी दबलीये का. हे काम बोलत बोलत किंवा हलत्या बोटीवर करू नका, आदल्या रात्री शांतपणे करा.

तपासणी: ऑटो गेन (गेन आपोआप वरखाली करणारी सोय) बंद. लो-कट बंद. फॉरमॅट डब्ल्यूएव्ही. घड्याळ यूटीसी. कार्ड रिकामं. या पाच गोष्टींचा स्क्रीनवरून फोटो काढून ठेवा, नंतर वाद होत नाही.

४. पाण्यात सोडणं

बोटीवरून ऐकत असाल तर इंजिन बंद, इको साउंडर (आवाज सोडून खोली मोजणारं यंत्र) बंद, पंप आणि इन्व्हर्टरही बंद. नांगर टाकू नका, साखळी कुरकुरते आणि वर प्रवाह हायड्रोफोनवरून वाहत राहतो, त्याची घरघर नेमकी खालच्या फ्रिक्वेन्सीत येते. बोट पाण्याबरोबर वाहू द्या, हायड्रोफोनही तिच्यासोबत वाहतो.

केबल सरळ बोटीला बांधली की लाटेबरोबर प्रत्येक हिसका आत ऐकू येतो. मध्ये एक छोटा फ्लोट, त्याखाली लवचीक दोरी, मग केबल, आणि हायड्रोफोनच्या जरा वर वजन, असं लावलं तर बरंच शांत होतं. प्रवाहात ताणलेली केबल वीणेच्या तारेसारखी थरथरते, तिच्यावर दोरी सर्पिल गुंडाळली की थरथर कमी होते. खोली निदान १० ते २० मीटर तरी ठेवा, त्याच्या वर लाटांची खळखळच जास्त.

तळाशी महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर धातूला धातू लागेल असं काहीही ठेवायचं नाही. आणि उभी दोरी शक्य तितकी कमी. मोठे व्हेल दोऱ्यांमध्ये अडकून मरतात. पृष्ठभागापर्यंत कायमची दोरी न ठेवता वरून सिग्नल दिल्यावर सुटणारा अकूस्टिक रिलीज परवडत असेल तर तोच घ्या, परवडत नसेल तर यंत्राचा पाण्यातला मुक्काम छोटा करा. ज्यांचा अभ्यास करायचाय त्यांच्याच गळ्यात आपली दोरी नको.

सावधान: यंत्र ठेवायची परवानगी आणि प्राण्यांपासून किती अंतर ठेवायचं याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते आधी वाचा. व्हेल दिसला म्हणून त्याच्याकडे बोट हाकू नका, आवाज लांबून येतोच. आणि रेकॉर्ड केलेला आवाज पाण्यात परत वाजवून बघायचा मोह अजिबात नको, त्याला वेगळी परवानगी लागते आणि ती लागायलाच पाहिजे.

५. गेन आणि नोंदवही

गेन असा ठेवा की नेहमीचा आवाज मीटरवर बराच खाली राहील आणि मोठ्यात मोठा आवाजसुद्धा वरच्या टोकाच्या १२ डेसिबल खाली थांबेल. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला दुरुस्त होत नाही. स्पर्म व्हेलचा क्लिक समोरून मोजला तर २३० डेसिबलच्या वर जातो, जवळून आला तर गेन कितीही कमी ठेवला तरी जास्तच होईल. हे डेसिबल पाण्यातले बरं का, संदर्भ १ मायक्रोपास्कल (पास्कल हे दाबाचं एकक). हवेत संदर्भ २० मायक्रोपास्कल असतो आणि माध्यमही वेगळं, दोन्ही धरून साधारण ६२ डेसिबलचा फरक पडतो. तेव्हा "जेट विमानापेक्षा मोठा" वगैरे तुलना लिहू नका.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, यूटीसी वेळ, अक्षांश-रेखांश, खोली आणि गेन बोलून टाका. वहीत तेच लिहा, वर समुद्राची स्थिती, पाऊस, दिसणारी जहाजं. वही भिजते आणि फाइलचं नाव बदलतं, पण बोललेलं त्याच फाइलमध्ये राहतं.

६. परत आल्यावर, काहीही ऐकायच्या आधी

दोन कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर, चेकसम (कॉपी मुळाशी तंतोतंत जुळते का ते सांगणारा आकडा) जुळवून. मूळ फायली फक्त वाचता येतील अशा करून ठेवा. कार्ड तोपर्यंत फॉरमॅट करायचं नाही. नॉइज रिडक्शन, नॉर्मलाइझ, एमपीथ्री हे मूळ फाइलवर कधीच नाही. एमपीथ्री माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही असं वाटतं ते काढून टाकतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

७. आधी गोंगाट ओळखा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. सगळे जण फाइल उघडली की थेट व्हेल शोधायला लागतात. तसं करू नका. पहिले दोन-तीन दिवस फक्त यादी करा, या जागेवर व्हेल सोडून काय काय वाजतं.

वीज: स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी वाजली ते दाखवणाऱ्या चित्रात, ५० किंवा ६० हर्ट्झला आणि त्याच्या पटींत सरळसोट रेघा, कधीच न वाकणाऱ्या. रेकॉर्डर स्वतः कार्डवर लिहिताना ठरावीक सेकंदांनी बारीक टिक येतो. जहाज लांबून येताना घरघर हळूहळू वाढते आणि जवळून गेलं की स्पेक्ट्रोग्रामवर वाटीसारखी वक्र पट्टी उमटते. स्नॅपिंग श्रिम्प या कोळंबीचा आवाज म्हणजे तेलात मोहरी तडतडावी तसा सततचा तडतडाट, उथळ उबदार पाण्यात तो कायम असतो आणि क्लिक शोधणाऱ्याला फार छळतो. माशांचे थवे संध्याकाळी एकसुरात सुरू होतात आणि तास-दोन तास चालतात. पावसाची सरसर वरच्या फ्रिक्वेन्सीत. तेल शोधणाऱ्या सर्वेक्षणाच्या एअरगनचे (दाबलेली हवा पाण्यात सोडणाऱ्या यंत्राचे) ठोके शेकडो किलोमीटरवरून येतात आणि नवख्याला ते हमखास फिन व्हेल वाटतात.

माझंच सांगतो. एकदा एका मुक्कामाच्या फायलींत २० ते ३० हर्ट्झला ठोके दिसले, दहा-बारा सेकंदांनी एक, रात्रभर. मी दोन दिवस ते फिन म्हणून मार्क करत बसलो. तिसऱ्या दिवशी वरची पट्टी सहज उघडली तर प्रत्येक ठोक्याची एक फिकट रेघ ४०० हर्ट्झपर्यंत वर गेलेली, आणि वहीत बघितलं तर त्या रात्री लांबून फुगवटा, म्हणजे स्वेलच्या लाटा, येत होता, दहा-बारा सेकंदांचाच. नांगराच्या दोरीची कडी प्रत्येक लाटेला आपटत होती. फुगवटा उतरला तसं अंतर बदललं आणि ठोकेही गेले.

फिनची ओळख त्यावरून मी अशी करायला लागलो: ठोका अरुंद पट्टीत, वरून खाली घसरणारा, आणि मालिकेत अधूनमधून मिनिटांचा खंड, कारण प्राण्याला श्वासाला वर यावं लागतं. एअरगन श्वास घेत नाही, कडीही नाही.

८. स्पेक्ट्रोग्रामची सेटिंग

ऑडॅसिटी, सॉनिक व्हिज्युअलायझर, रेव्हन, पॅमगार्ड, यातलं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पण विंडोचा (एका वेळी किती सॅम्पल एकत्र बघायचे त्याचा) आकार डिफॉल्टवर सोडू नका. फ्रिक्वेन्सीचा एकेक कप्पा केवढा ते काढायचं गणित सोपं आहे, सॅम्पल रेट भागिले विंडो. ९६,००० ला १०२४ ने भागा, जवळपास ९४ हर्ट्झ. म्हणजे ब्लू, फिन, विजेची घरघर आणि जहाज सगळं तळाच्या एकदोन कप्प्यांत कोंबलं गेलं, आणि तुम्ही म्हणता काही दिसत नाही.

मोठ्या व्हेलसाठी आधी कॉपीचा सॅम्पल रेट २००० हर्ट्झपर्यंत खाली आणा, सॉफ्टवेअरच्या रिसॅम्पलनेच, नुसते सॅम्पल गाळून नाही, नाहीतर वरचा आवाज दुमडून खाली येतो आणि भलताच प्राणी दिसतो. मग १०२४ ची विंडो घेतली की कप्पा २ हर्ट्झचा आणि वेळ अर्ध्या सेकंदाची, फिनचा १ सेकंदाचा ठोका नीट दिसतो. तीच विंडो ८१९२ केली तर वेळ ४ सेकंदांवर जाते आणि ठोका पसरून डाग होतो. ब्लूचे सूर लांब असतात, त्यांना मोठी विंडो चालते. स्पर्म व्हेलला उलट, ९६ किलोहर्ट्झवरच ५१२ घ्या, क्लिक उभ्या बारीक रेघांसारखे दिसतील, अर्धा ते एक सेकंदाच्या अंतराने, आणि शिकार जवळ आली की रेघा इतक्या जवळ येतात की दार कुरकुरल्यासारखं ऐकू येतं.

ऐकताना वेग बदला. २० हर्ट्झ लॅपटॉपच्या स्पीकरमधून येतच नाही. दहापट वेगाने वाजवा, २०० हर्ट्झ होईल, तेही हेडफोनवर.

तपासणी: वॉटकिन्समधली ओळखीची फाइल याच सेटिंगवर उघडा. तिच्यात आवाज स्पष्ट दिसला तरच आपली फाइल बघा.

९. खुणा करणं आणि डिटेक्टर

तीन वर्ग ठेवा: नक्की, शंका, नाही. शंकेला लाजू नका. निदान दहावा हिस्सा दुसऱ्या कुणाकडून तुमच्या खुणा न दाखवता तपासून घ्या, मतं जिथे जुळत नाहीत तिथे दोघांनी एकत्र बसून ऐका.

डिटेक्टर, म्हणजे आवाज आपोआप शोधणारा प्रोग्राम, हाताने बरेच तास मार्क केल्यावरच. त्याची परीक्षा घेताना बहुतेक जण तो जे दाखवतो तेवढंच तपासतात, त्यातून खोटे किती ते कळतं, सुटलेले किती ते नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून काही तास निवडा आणि ते पूर्ण हाताने ऐका, डिटेक्टर काही म्हणो न म्हणो.

आणि डिटेक्टरला दिलेला आवाजाचा जुना नमुना डोळे झाकून वापरू नका. हंपबॅकचं गाणं वर्षागणिक बदलत जातं. ब्लू व्हेलचा सूर जगभर वर्षानुवर्षं खाली उतरत चाललाय, ईशान्य पॅसिफिकमधला तर १९६० च्या दशकाच्या तुलनेत २००९ पर्यंत ३१ टक्के खाली आला होता. पाच वर्षांपूर्वीच्या फ्रिक्वेन्सीवर बसवलेला डिटेक्टर दरवर्षी कमी व्हेल दाखवेल आणि तुम्ही लिहाल की व्हेल कमी झाले.

१०. निकाल लिहिताना

किती आवाज सापडले याच्या आधी किती तास ऐकलं ते लिहा. जानेवारीत ६०० तास आणि जूनमध्ये ९० तास असतील तर नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. मी "ज्या तासात निदान एक नक्की आवाज आला ते तास" असं मोजतो, आणि ऐकलेल्या एकूण तासांनी भागतो.

त्याच तक्त्यात गोंगाटाची पातळीही पाहिजे. शांत रात्री जी हाक खूप लांबून येते तीच जवळून जहाज गेलं की काही किलोमीटरवरूनही येत नाही. म्हणून "व्हेल नव्हता" असं कधीच लिहू नका, "ऐकू आला नाही" लिहा, आणि ज्या तासांत गोंगाटामुळे ऐकू येणं शक्यच नव्हतं ते तास वेगळ्या रकान्यात काढा. तो रकाना रिकामा असेल तर परत सातव्या पायरीवर जाऊन तुमची गोंगाटाची यादी बघा, बहुतेक ती अपुरी आहे.